काळकाईचा उतार

कुवेतात बर्फ आहे असं सांगितलं की आपली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "फ्रीजमधला का?" नाही हो, फ्रीजमधला नाही. फिंतासच्या पुढे, एका मॉलच्या पाठीला चिकटून पत्र्याची एक अजस्र शेड होती. बाहेर जूनमध्ये गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसायचा आणि आत माणसं कानटोप्या घालून कुडकुडत असायची. आत बर्फाचा लांबलचक उतार होता, यंत्राने पाडलेल्या बर्फाचा. पायाला लांब पट्ट्या बांधून लोक वरून सुसाट घसरत खाली यायचे. स्कीइंग म्हणतात त्याला. आणि हा सगळा बर्फ रोज सकाळी ताजा करून ठेवणारा माणूस होता श्रीवर्धनकडच्या एका सुपारीच्या गावातला, तुळशीदास भुवड.

तुळशीदास पन्नाशी ओलांडलेला, बुटका, काटक, बोलायला कमी आणि ऐकायला तयार असा गडी. कुवेतात आला तेव्हा लग्न झालं नव्हतं. अबू हलीफाच्या एका खोलीत कोकणातले सहा-सात जण एकावर एक पलंग टाकून राहायचे, त्यातला वरचा पलंग याने मागून घेतला होता. एसीच्या कामात हेल्पर म्हणून लागला, हळूहळू मेकॅनिक झाला, मग सुपरवायझर झाला, आणि मगच बायकोला, प्रेमाला, घेऊन आला. जुईली इथेच जन्मली. आता सोळा वर्षांची. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण घावणे मात्र मराठीत मागते.

बर्फाच्या हॉलमध्ये चिलरवर त्याच्याबरोबर दापोलीचा मुकेश होता. उताराला मालकांनी रंग दिले होते. खालचा हिरवा, पोराटोरांचा. मधला निळा. आणि अगदी वर, छताच्या पोटाशी, एक टप्पा इतका उभा की वरून पाहिलं तर स्वतःचे बूट आणि थेट खालची माणसं दिसायची, मधलं काही दिसायचंच नाही. तो काळा. मुकेशने पहिल्याच आठवड्यात तो बघितला, हात जोडले आणि म्हणाला, "ही तर आमची काळकाई." झालं! दापोलीकडच्या देवीचं नाव चिकटलं. पुढे पुढे लेबनीज आणि मिसरी माणसंसुद्धा "कलकाई, कलकाई" म्हणायला लागली, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. दर वर्षी एकदा चिलरच्या खोलीत दार लावून मुकेश एक नारळ फोडायचा आणि गाऱ्हाणं घालायचा, की बाई, कॉम्प्रेसर सांभाळ, माणसांची हाडं सांभाळ, आणि मुदीरसाहेबांना चांगली बुद्धी दे. मुदीर म्हणजे मॅनेजर. खोबऱ्याचा एक तुकडा त्यालाही जायचा. कशाचा ते त्याने कधी विचारलं नाही.

आता तुळशीदास स्की करायला कसा शिकला, ते ऐका. हॉल उघडायच्या आधी कुणीतरी सगळा उतार पायी फिरून बघायचा, कुठे बर्फ कडक झाला, कुठे भुसभुशीत राहिला ते. बुटाला खिळे लावून चालायचं म्हणजे जीव अर्धा व्हायचा. तिथे सईदा नावाची लेबनॉनची बाई शिकवायला होती, डोंगरातल्या गावची, चालायला लागण्याआधी स्की करायला लागलेली. ती हिंदी या कामगारांकडूनच शिकली होती, त्यामुळे तिच्या हिंदीत मधेच "अरे देवा" यायचं. एके सकाळी तिने तुळशीदासला धापा टाकत चढताना पाहिलं आणि जुनी स्कीची जोडी त्याच्यापुढे टाकली.

"पहनो. फोकट में सिखाती हूं. टिफिन का आधा मेरा."

प्रेमाची काळ्या वाटाण्याची उसळ त्या बाईला अशी काही आवडली की पुढे प्रेमा तिच्यासाठी वेगळा डबाच द्यायला लागली.

चाळिशीचा माणूस तो, पहिल्या दिवशी सात वेळा तरी पडला असेल, पण दुसऱ्या दिवसापासून सईदा त्याच्या पायांकडे बघत राहिली. उताराबरोबर घोटा बरोब्बर हवा तेवढाच वळायचा. गुडघे मऊ, कंबर शांत. "ये कहां सीखा?" तिने विचारलं. तुळशीदासने मान हलवली आणि विषय बदलला. सुपारीच्या वाडीत शिकलो हे तिला काय सांगणार? आणि ते सांगितलं तर पुढचंही सांगावं लागणार.

पुढचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो.

श्रीवर्धनकडे पोफळीच्या वाड्या आहेत. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. माणसाच्या मांडीएवढं जाड आणि तीन मजले उंच. फांदी नाही, खोबण नाही, काही नाही. पायात सुंभाची कडी अडकवून वर चढायचं, शेंड्याशी पोहोचून कोयतीने घड कापायचा. साधा गडी मग खाली उतरतो आणि दुसऱ्या झाडावर चढतो. पण भुवडांच्या घरातले गडी उतरत नसत. ते वरच्या वर झाडाला झोका द्यायचे, ती सगळी पोफळ एका बाजूला झुकायची, शेजारच्या पोफळीचा शेंडा हाताशी आला की पकडायचा, आणि अंग तिकडे न्यायचं. सकाळी एका कोपऱ्यात चढलेला माणूस जेवायच्या वेळेला वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरायचा. तुळशीदासचे वडील, अण्णा, यात असे तरबेज की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी पोराला एकच नियम घोटून घोटून शिकवला होता. दुसरं झाड हातात आल्याशिवाय पहिलं सोडायचं नाही.

तुळशीदास विशीतच बापाच्या तोडीचा झाला होता. सकाळचं ऊन नुकतंच वरच्या झावळ्यांवर आलेलं असायचं, खाली पाटाचं पाणी खळखळायचं, विड्याच्या वेलींचा वास यायचा, आणि वर हा वाऱ्याबरोबर इकडून तिकडे. त्या सुखाची आठवण आली की आजही अबू हलीफाच्या गॅलरीत उभ्या उभ्या त्याचे तळवे शिवशिवतात. वाडीत कुणी पाहुणे आले की घरचे लोक कौतुकाने दाखवायला आणायचे, "बघा बघा, आमचा तुळशा कसा उडतो."

आणि मग तो दिवस आला. त्याच्या बरोबरीचा देवेंद्र आठवडाभर आधीच पोफळ मोडून पडला होता, कमरेचं हाड गेलं होतं. तुळशीदासने मनावर घेतलं नाही, निदान त्याला तसं वाटलं. जोशांच्या वाडीत काम होतं, मुंबईची पाहुणेमंडळी खाली माना वर करून उभी होती. त्याने झोका दिला, पुढचं झाड धरलं, आणि तिथेच अडकला. उजव्या हातात नवं झाड, डाव्या हातात जुनं. दोन्ही झाडं आपापल्या जागी परत जायला ओढत होती आणि मधे हा. बोटं उघडेनात. डोकं सांगत होतं सोड, हात ऐकत नव्हते. खाली आधी टाळ्या वाजल्या, मग कुजबुज झाली, मग कुणीतरी ओरडलं, "अरे, मिठी मारून झोपलास काय?" आणि हशा पिकायला लागला.

अण्णांनी खालचं काम टाकलं. तिसऱ्या झाडावर चढले आणि त्याच्या बरोबरीने येऊन बसले. ना रागावले, ना सोड म्हणाले. "धरून ठेव दोन्ही," एवढंच म्हणाले. "घाई नाय. मी हाय." आणि मग म्हैस घ्यावी की नको, फणस यंदा कसे धरलेत, असल्या गोष्टी करत राहिले. बऱ्याच वेळाने तुळशीदासचा उजवा हात सैल झाला. नवं झाड निसटून गेलं. तो जुन्यावरूनच घसरत खाली आला. पाय जमिनीला लागले तेव्हा समोर सगळी तोंडं हसायच्या तयारीत होती. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी.

आणि तेवढ्यात अण्णा पडले. पाच गावांत नाव असलेला तो माणूस, अर्ध्या झाडावरून घसरला, छाती सोलवटून निघाली, आणि धप्पकन पाटाच्या चिखलात बसला, धोतर एकीकडे आणि टोपी दुसरीकडे. जी काही हसली मंडळी! पोटं धरधरून हसली. पुढे वर्षभर गावात तोच विषय होता, अण्णा भुवड पाटात कसे बसले. तुळशाचं नावही कुणी काढलं नाही.

पण तुळशीदासच्या मनात ते रुतून बसलं. माझ्यामुळे अण्णा पडले. माझी भीती त्यांना लागली. तो बापाकडे मान वर करून बघेना. कोयती हातात धरेना. गल्फला माणसं हवीत असं कळलं, त्याच दिवशी पासपोर्टची धावपळ सुरू केली. अण्णा एसटी स्टँडवर सोडायला आले होते, बसची काच बंद होती, ते काहीतरी म्हणाले, याला ऐकू आलं नाही. दर दोन वर्षांनी हा गावी जातो, बापाला स्वेटर नेतो, अत्तर नेतो, खजूर नेतो. त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही. आपली कोकणी माणसं! जिवाभावाचं सोडून बाकी सगळं बोलतील.

म्हणून हॉलमधल्या त्या बर्फावर तुळशीदास हिरवा उतार उतरायचा, निळा उतरायचा, सुरेख उतरायचा. स्कीच्या कडा बर्फात रोवत अशी वळणं घ्यायचा की सईदा खालून "वल्ला!" म्हणून दाद द्यायची. पण काळकाईच्या तोंडाशी गेलं की काहीतरी निमित्त निघायचं. पाइप बघायचाय, खाली फोन आलाय, गुडघा दुखतोय. सईदाने खूप वेळा सांगितलं, "उस्ताद, एक बार." तो म्हणायचा, "उद्या." असे उद्या करता करता बारा वर्षं गेली. मनातून मात्र रोज उतरायचा. कुठे पहिलं वळण, कुठे दुसरं, सगळं पाठ होतं. म्हातारं होण्याआधी एकदा, फक्त एकदा, उभ्याने ती खाली उतरायची, एवढीच काय ती त्या माणसाची हौस होती.

जुईलीला तो चार वर्षांची असल्यापासून आणायचा. कामगारांच्या मुलांना शुक्रवारी सकाळी फुकट सोडायचे. पोरगी पाण्यात सोडलेल्या बदकासारखी रमली. पुढे सईदाने तिला आपल्या खास मुलांच्या गटात घेतलं. त्या गटात सलवा भागातल्या बड्या घरची पोरं होती, जी हिवाळ्यात युरोपात जाऊन स्की करून यायची. त्यांच्यात ही अबू हलीफाची, उसन्या बुटांची. पण वळणं घेण्यात कुणाला हार जायची नाही.

घरी जेवताना मात्र बापाची शिकवणी चालायची. "पुढचं वळण हाताशी आल्याशिवाय मागचं सोडायचं नाही गं." हा पोफळीवरचा नियम आहे असं जुईलीकडून सईदाला कळलं तेव्हा ती चिडली. "तुलसी, पेड मत सिखा उसको! इधर पकडने का कुछ नहीं है." तुळशीदास हसला. त्याला वाटलं, बाईला काय कळतंय. जो नियम बापाने दिला तो पोरीला द्यावा, यात वावगं ते काय!

या वर्षी बातमी आली की हॉल बंद होणार. जागेचा करार संपला होता, मालकांना तिथे काहीतरी दुसरं करायचं होतं. मुकेशने कतारला एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम बघितलं. सईदा म्हणाली, मी आपल्या डोंगरात परत जाते. तुळशीदास दुसरीकडे विचारणा करत होता, इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत अजून होती, पोटाची तशी चिंता नव्हती. पण सकाळी सकाळी कुणी नसताना त्या पांढऱ्या उतारावर एकट्याने उभं राहायचं, यंत्रांची घरघर ऐकायची, श्वासाची वाफ बघायची, हे आता पुन्हा नाही, या विचाराने त्याला घास गोड लागेना. एवढ्या परक्या मुलखात ती एकच जागा त्याला वाडीसारखी वाटायची.

शेवटच्या शुक्रवारी सईदाने मुलांची परीक्षा ठेवली. जॉर्जिया देशात, खऱ्या डोंगरात, हिवाळी कॅम्प होता. गटातल्या दोघांना तिथे पाठवायचं ठरलं होतं. अट एकच, काळकाई वरून खालपर्यंत स्कीवरूनच, वळणं घेत उतरायची. जुईली ती याआधी सईदाच्या बरोबरीने, तिच्या मागे मागे, उतरली होती. एकटीने कधी नाही.

हॉल भरला होता. आईबाप, भाऊबहिणी, शेवटचा दिवस म्हणून आलेली बघी मंडळी. प्रेमाची दवाखान्यात ड्युटी होती, तिने सकाळीच देवापुढे दिवा लावून पोरीच्या हातावर साखर ठेवली होती. तुळशीदास कामाच्या कपड्यांत, खिशात पाना, खाली गाद्या लावलेल्या भिंतीशी उभा होता.

दोन मुलं उतरली. तिसरी जुईली. लाल जाकीट. वरून निघाली, पहिलं वळण घेतलं, झकास. दुसरं घ्यायच्या जागी तिचा हात बाजूला गेला. उताराच्या कडेला सुरक्षेसाठी जाळी लावलेली असते, खांबांवर ताणलेली. तिने ती जाळी धरली. आणि थांबली.

तुळशीदासला वाटलं, क्षणभर थांबली असेल. क्षण गेला. आणखी गेले. तिचा डावा हात जाळीत अडकलेला आणि उजवा समोर हवेत, काहीतरी शोधत.  हा हात त्याच्या ओळखीचा होता. पुढचं हातात आल्याशिवाय मागचं सोडायचं नाही! अरे कर्मा, हे मीच तर शिकवलं तिला. इथे पुढचं झाड कुठून येणार?

सईदाने वर हाक मारली, "यल्ला, हबिब्ती, आराम से." जुईली हलली नाही. खाली कुजबुज सुरू झाली. एका पोराने कोंबडीचा आवाज काढला. दुसऱ्याने मोबाइल वर धरला, मग तिसऱ्याने, मग सगळ्यांनीच. बाजूच्या जिन्याने माणूस पाठवून तिला उतरवता आलं असतं. सईदा तेच म्हणाली, पण डोळे खाली घालून म्हणाली. जिन्याने उतरली की कॅम्प गेला.

कॅम्प गेला तर गेला. तुळशीदासला त्याचं काही नव्हतं. पण ही बोटं घेऊन पोरगी जिन्याने खाली आली, तर ती पुढे कुठकुठल्या गोष्टींपासून पळत राहील, हे त्या हॉलमध्ये त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? हॉल उद्यापासून बंद. पुन्हा चढून बघायची संधी नाही. जे व्हायचं ते आत्ता, नाहीतर जन्मभर नाही.

"जिना नको," तो म्हणाला. "मी जातो."

त्याने भिंतीशी उभी असलेली आपली जुनी स्कीची जोडी चढवली आणि माणसांना वर ओढणाऱ्या लिफ्टच्या दांड्याला लटकून वर गेला. मुकेश चिलरच्या खिडकीतून ओरडला, "तुळशा, अरे गुडघा!" त्याने ऐकलं नाही. वर पोहोचला, काळकाईच्या कडेने तिरका घसरत जाळीपाशी आला आणि पोरीच्या शेजारी चक्क बर्फात बसला.

"बाबा, प्लीज गो," जुईली दातांमधून म्हणाली. डोळे भरलेले, गाल लाल. "एव्हरीवन इज वॉचिंग."

"बघू देत. धरून ठेव जाळी. घाई नाही. मी आहे."

शब्द तोंडातून गेले आणि तोच चपापला. कुणाचे शब्द हे?

"तूच सांगितलं होतंस," ती मराठीत म्हणाली, रडवेली झाली की तिला मराठी यायची. "पुढचं हातात आल्याशिवाय सोडू नको. पण पुढे काहीच नाहीये ना बाबा!"

"ते झाडाचं होतं गं बाळा. इथे नाही चालत ते. मी चुकीचं शिकवलं." तो तिच्या बुटावर हात ठेवून म्हणाला, "हा खालचा पाय आहे ना, हाच तुझं पुढचं झाड. अंग त्याच्यावर टाक. हात आपोआप सुटेल." मग घरी आज काय केलंय, आईने साखर दिली ती खाल्लीस का, मुकेशकाका कतारला गेल्यावर नारळ कोण फोडणार, असल्या गोष्टी करत तो बसला. तिचा श्वास हळूहळू ताळ्यावर येताना त्याला ऐकू येत होता.

"तू जाशील पुढे?" तिने विचारलं. "आधी तू?"

तुळशीदासने खाली बघितलं. बूट, आणि मग थेट माणसं. मधलं काही नाही. बारा वर्षं टाळलेली बाई समोर होती. "जातो," तो म्हणाला. "मी खाली पोहोचलो की नीघ." आणि उठून त्याने अंग खालच्या पायावर टाकलं.

काय सांगू! पाय निघाले आणि पोटात तोच गोळा आला, झोका देताना यायचा तो. पहिलं वळण, कड धरली. दुसरं वळण, बर्फ चरचरला, वारा कानाशी आला, आणि इतक्या वर्षांनी अंगाला वजन उरलं नाही. पोफळीचे शेंडे, झावळ्यांवरचं ऊन, विड्याच्या पानांचा वास, सगळं एकदम आलं. त्याला हसू फुटलं. आणखी दोन वळणं, की काळकाई उभ्याने उतरली! सईदा खाली दोन्ही हात वर करून नाचत होती.

पण बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याला दिसलं. सगळे मोबाइल त्याच्या डोक्यावरून वर रोखलेले, पोरीकडे. सगळी तोंडं अर्धवट उघडी, हसायच्या तयारीत. ही तोंडंही ओळखीची होती. आता ती निघणार, आणि एवढ्या डोळ्यांसमोर. जराशी जरी चुकली तरी यांना तेच हवं होतं.

त्याने खालच्या पायावरचं वजन काढलं.

मुद्दाम काढलं. शेवटच्या वळणात, अंग मागे टाकून. मग विचारता सोय नाही. एक स्की इकडे उडाली, दुसरी तिकडे, टोपी गेली, खिशातला पाना खणखणत पुढे धावला आणि त्याच्या मागून तुळशीदास भुवड पाठीवर घसरत, पाय वर, थेट गादीच्या भिंतीत धाडकन शिरला. वरून बर्फाचा ढीग डोक्यावर. हॉलमध्ये जो हशा उठला तो चिलरच्या खोलीत मुकेशलाही ऐकू गेला. सगळे मोबाइल वळले. कोंबडीचा आवाज काढणारा पोरगा तर हसून हसून खालीच बसला.

आणि त्या हशाच्या मागे, कुणीही बघत नसताना, लाल जाकीट जाळीपासून सुटलं. तुळशीदास उलटा पडलेला, नाकातोंडात बर्फ. त्याला पोरगी डोकं खाली, पाय वर अशीच दिसत होती. एक वळण. दुसरं. तिसऱ्याला जरा डगमगली, सावरली. कुणी हसलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. फक्त सईदाचं होतं, आणि तिचंच हवं होतं. जुईली थेट त्याच्यापाशी येऊन थांबली आणि स्की न काढताच त्याच्या गळ्यात पडली.

तुळशीदास तिला धरून तिथेच पडून राहिला. गुडघा ठणकत होता, पण तो गुडघ्यामुळे रडत नव्हता. त्याला पाटाचा चिखल दिसत होता आणि त्या चिखलात बसलेला एक माणूस, ज्याचा हात आयुष्यात कधी सुटला नव्हता.

बाहेर पार्किंगमध्ये उन्हाचा तडाखा होता. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. जुईली आईला फोनवर इंग्रजी-मराठीची भेळ करून सगळं सांगत होती, कॅम्पसाठी नाव लागलं म्हणून उड्या मारत होती. तुळशीदास गाडीत बसला आणि त्याने गावी धाकट्या भावाला, शरदला, फोन लावला. "अण्णांना दे."

अण्णांना आता कमी ऐकू येतं. ऐंशी उलटली. शरदने फोन त्यांच्या कानाला धरला. तुळशीदासने सगळं सांगितलं, मोठ्याने, एकेक वाक्य दोनदा. पोरगी कशी अडकली, तो कसा बसला, कसा निघाला, कसा पडला. तिकडे नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागे पाटाचं पाणी.

"अण्णा," तो म्हणाला, "जोशांच्या वाडीत तू त्या दिवशी..."  



"लय लागलं काय रं?" अण्णांनी विचारलं.

"गुडघा सुजलाय जरा."

"आनि पोर? पोरीला हसलं का कुनी?"

"नाही अण्णा. कुणीच नाही."

"मंग झालं तर," अण्णा म्हणाले.

फोन खरखरला आणि शरदचा आवाज आला. "दादा, काय सांगितलंस रे त्यांना? पाटाकडे बघून एकटेच हसतायत."